अपस्माराचा पूर्वेतिहास आणि वैमानिकाची वैद्यकीय पात्रता : वाचकांचे प्रश्न

वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींच्या घरून या सदराकडे जी पत्रे येतात त्यांतली बरीचशी आकडी, फिट किंवा अपस्मार यांविषयी असतात. ती बहुधा उशिरा येतात. प्रशिक्षण संस्थेत पैसे भरून झालेले असतात, किंवा वैद्यकीय तपासणीचा अर्ज भरताना ‘पूर्वी कधी झटके आले होते का’ या रकान्यापाशी हात अडलेला असतो. म्हणून या अंकात केवळ याच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि नावे गाळली आहेत.

आधी मूळ नियम सांगतो, म्हणजे प्रत्येक उत्तरात तो पुन्हा सांगावा लागणार नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीविषयीच्या १९४४ च्या शिकागो कराराच्या पहिल्या परिशिष्टात वैमानिकांच्या वैद्यकीय पात्रतेची किमान मानके दिलेली आहेत, आणि आपल्याकडील नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, त्याच मानकांवर चालते. चेतासंस्थेच्या बाबतीत त्यात तीन गोष्टी आडव्या येतात : उड्डाणाच्या कामात बाधा आणू शकेल असा चेतासंस्थेचा आजार, अपस्मार, आणि समाधानकारक वैद्यकीय कारण न सापडलेली शुद्ध हरपण्याची घटना. ‘पूर्वेतिहास किंवा निदान’ असे शब्द तिथे आहेत, म्हणजे आज झटके येत नसले तरी पूर्वीचे निदान मोजले जाते. व्यावसायिक वैमानिकाला वर्ग १ आणि विद्यार्थी व खासगी वैमानिकाला वर्ग २ असे प्रमाणपत्र लागते, परंतु अपस्माराच्या बाबतीत वर्ग २ मध्ये सवलत असते ही समजूत चुकीची आहे.

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा असून बारावी विज्ञान शाखेत शिकतो. त्याला वैमानिक व्हायचे आहे. दीड वर्षाचा असताना आणि पुन्हा अडीच वर्षांचा असताना त्याला तापात आकडी आली होती. त्यानंतर आजतागायत काहीही झालेले नाही. त्याचे मामा म्हणतात, की ही गोष्ट अर्जात लिहूच नका, लिहिली की दार कायमचे बंद होईल. आम्ही काय करावे? — एक वडील, सातारा

उत्तर : अर्जात लिहावे, आणि निर्धास्तपणे लिहावे. मामांची काळजी मी समजू शकतो, पण तुमच्या मुलाच्या बाबतीत ती अनाठायी आहे.

सहा महिने ते पाच वर्षे या वयात, मेंदूला कोणताही संसर्ग नसताना, केवळ ताप चढल्यामुळे येणारी आकडी हा अपस्मार नव्हे. साधारणपणे दर शंभर मुलांपैकी दोन ते पाच मुलांना ती कधी ना कधी येते. त्यातली जी साधी आकडी असते, म्हणजे संपूर्ण अंगाला आलेली, पंधरा मिनिटांच्या आत थांबलेली आणि चोवीस तासांत एकदाच आलेली, ती येऊन गेलेल्या मुलांना पुढे अपस्मार होण्याची शक्यता एक-दोन टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे इतर मुलांपेक्षा किंचितच अधिक. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या मार्गदर्शिकेनुसार आकडी एकदाच, पाच वर्षांच्या आत आलेली असेल, पुन्हा आलेली नसेल आणि औषध बंद होऊन तीन वर्षे झाली असतील, तर तपासणारा डॉक्टर वरिष्ठांकडे न पाठवताही प्रमाणपत्र देऊ शकतो; तुमच्या मुलाला ती दोनदा आल्याने ही सवलत त्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. युरोपीय नियमांत पाच वर्षांच्या वयानंतर पुन्हा न आलेल्या झटक्यांचा वेगळा उल्लेख असून अशा उमेदवाराचा अधिक तपासणीनंतर विचार होतो.

मात्र ‘तापातली आकडी’ हे तुमच्या तोंडी सांगण्यावर ठरू नये, ते कागदावर दिसले पाहिजे. त्या वेळचे रुग्णालयाचे कार्ड, ताप किती होता याची नोंद, बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी, जे सापडेल ते शोधा. पंधरा वर्षांपूर्वीचे कागद घरात नसतील तर त्या बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन, मुलाचे तेव्हाचे वय, आकडी किती वेळ टिकली, अंगाच्या एकाच बाजूला आली होती का, कमरेतून पाणी काढून तपासले होते का, पुढे रोजचे औषध दिले होते का, या प्रश्नांची उत्तरे असलेले पत्र मिळवा. त्यानंतर एका मेंदुविकारतज्ज्ञांकडून आजची तपासणी आणि मेंदूचा विद्युत आलेख, म्हणजे ईईजी, करून घ्या. दोन्ही वेळा आकडी साधी होती असे त्यातून दिसले, तर मुलाच्या पात्रतेला या कारणाने धक्का बसू नये. एखादी आकडी अर्धा तास चालली होती किंवा एकाच हातापायाला आली होती असे निघाले, तर प्रश्न अधिक खोलात जाईल, आणि तेही आताच कळलेले बरे.

लपवण्याविषयी दोन शब्द. अर्जावरची माहिती खरी असल्याचे उमेदवार सही करून सांगत असतो, आणि माहिती दडवून मिळवलेला परवाना पुढे निलंबित किंवा रद्द करता येतो. जी गोष्ट उघड सांगितली असता मुलगा पात्र ठरण्याची चांगली शक्यता आहे, तीच लपवून त्याच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या नोकरीवर टांगती तलवार ठेवण्यात कोणाचे हित आहे?

आणखी एक. गोंदिया असो, बारामती असो वा परदेश, प्रशिक्षण संस्थेचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी वर्ग २ आणि लगोलग वर्ग १ ची तपासणी करून घ्या. व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या २०० तासांच्या उड्डाणाचा खर्च आज अर्ध्या कोटीच्या पुढे जातो. कर्ज काढून, शेत विकून पैसे उभे केलेल्या आणि मग वैद्यकीय मंडळापुढे अडलेल्या घरांची पत्रे वाचवत नाहीत.

प्रश्न : मी बावीस वर्षांची आहे. पंधराव्या वर्षी मला अपस्माराचे निदान झाले. सकाळी हाताला हिसके बसत, हातातला कप पडे. दहावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण झाले आणि सकाळी मोठा झटका आला. तेव्हापासून औषध चालू आहे आणि गेली चार वर्षे एकही झटका नाही. विमान चालवणे हे माझे लहानपणापासूनचे स्वप्न आहे. आता औषध बंद केले तर किती वर्षांनी मी पात्र ठरेन? — एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रातला एक शब्द मला सर्वांत जास्त काळजीत टाकतो, तो म्हणजे ‘बंद केले तर’. सर्वप्रथम विनंती अशी, की परवान्यासाठी म्हणून स्वतःच्या मनाने औषध एक दिवसही थांबवू नका. असे का, ते आता सविस्तर लिहितो, कारण या प्रश्नाचे उत्तर केवळ वर्षांच्या आकड्यात देणे तुमच्यावर अन्याय करणारे ठरेल.

आधी वर्षांचा हिशोब. युरोपीय नियमांनुसार, ज्याला दहा वर्षांहून अधिक काळ एकही झटका आलेला नाही आणि जो या सर्व काळात सर्व उपचारांपासून मुक्त आहे, त्याचाच पुढील तपासणीनंतर विचार होऊ शकतो. विचार होऊ शकतो, प्रमाणपत्र मिळतेच असे नाही. अमेरिकेत अपस्मार हा थेट अपात्र ठरवणारा आजार आहे. विशेष परवानगीची वाट तिथे आहे, पण ती क्वचित आणि मुख्यतः बालपणीच्या अपस्मारातून पूर्ण बाहेर पडलेल्यांना मिळते, आणि त्यासाठी झटके कोणत्या वयात सुरू झाले, कशा प्रकारचे होते, किती वेळा आले, औषधाविना किती काळ स्थिर गेला हे सर्व पाहिले जाते. दहा वर्षे हा काळ मनाला येईल तसा ठरवलेला नाही. अपस्मारावर काम करणाऱ्या जागतिक संघटनेच्या २०१४ च्या व्याख्येनुसारही दहा वर्षे झटका नसेल आणि त्यातली शेवटची पाच वर्षे औषधाविना गेली असतील तर अपस्मार ‘निवळला’ असे म्हणता येते. ब्रिटनमध्ये साधी मोटार चालवायला झटक्याविना एक वर्ष पुरते, पण ट्रक किंवा बस चालवायला औषधाविना दहा वर्षे लागतात.

एवढा कडकपणा कशासाठी, असे तुम्हाला वाटेल. विमान वाहतुकीच्या वैद्यकशास्त्रात ‘एक टक्क्याचा नियम’ म्हणून एक हिशोब आहे. तो १९८० च्या दशकात हृदयविकार असलेल्या वैमानिकांसाठी मांडला गेला आणि पुढे इतर आजारांनाही लावला गेला. एखादा वैमानिक अचानक निकामी होण्याची शक्यता वर्षाला एक टक्का धरली, तर वर्षात सुमारे ८,७६० तास असल्याने ती तासाला साधारण दहा लाखांत एक एवढी येते. उड्डाण आणि अवतरण हा नाजूक काळ एकूण वेळेच्या सुमारे दहावा हिस्सा असतो. अशा वेळी शेजारचा वैमानिक शंभरातून नव्याण्णव वेळा विमान सावरतो असे धरले, तर या कारणाने अपघात होण्याची शक्यता शंभर कोटी तासांत एक इतकी खाली येते. प्रवासी विमानात दोन वैमानिक असूनही एकेकट्याला ही एक टक्क्याची मर्यादा लावली जाते ती यामुळे, आणि एकट्याने उडवायच्या विमानात तर शेजारी सावरणारा कोणी नसतोच.

आता याच्या शेजारी अपस्माराचे आकडे ठेवा. प्रौढ वयात विनाकारण पहिलाच झटका आल्यावर पुढच्या दोन वर्षांत दुसरा येण्याची शक्यता २१ ते ४५ टक्के असते. औषधांनी झटके थांबले म्हणून सगळे संपत नाही. ब्रिटनमध्ये १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, किमान दोन वर्षे झटके नसलेल्या १,०१३ रुग्णांपैकी काहींचे औषध चालू ठेवले आणि काहींचे हळूहळू बंद केले. दोन वर्षांनंतर औषध चालू असलेल्यांपैकी ७८ टक्के झटक्याविना होते, औषध बंद केलेल्यांपैकी ५९ टक्के. म्हणजे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, हळूहळू औषध काढूनसुद्धा दर दहांतल्या चौघांना दोन वर्षांत पुन्हा झटका आला, आणि औषध चालू असलेल्यांतही दोघे सुटले नाहीत. औषध चालू ठेवून उडू द्या, ही मागणी कुठलीच यंत्रणा सहसा मान्य करत नाही त्याचे कारण हेच आहे. शिवाय या औषधांनी येणारी गुंगी, आणि लांबच्या उड्डाणात घड्याळ बदलल्याने किंवा उलटी-जुलाबाने एखादी गोळी चुकण्याचा धोका वेगळाच.

तुमच्या बाबतीत एक विशेष गोष्ट आहे. पंधराव्या वर्षी सुरू होणारे, उठल्यावर तासाभरात हाताला बसणारे हिसके, कप किंवा दात घासण्याचा ब्रश हातातून उडणे, आणि जागरणानंतर आलेला मोठा झटका, हे वर्णन किशोरवयात सुरू होणाऱ्या एका विशिष्ट अपस्माराचे असावे असे पत्रावरून वाटते. निदान तुमच्या तज्ज्ञांनी करायचे आहे, मी पत्रावरून करणार नाही. पण ते तसेच असेल, तर तो प्रकार औषधाला उत्तम दाद देतो आणि औषध काढल्यावर बहुसंख्य लोकांत परततो. त्याला चेतवणाऱ्या गोष्टी म्हणजे अपुरी झोप, मद्य आणि लुकलुकणारा प्रकाश. पहाटे तीनला उठून विमानतळावर हजर होणे आणि दर आठवड्याला झोपेची वेळ बदलणे हे तर वैमानिकाच्या नोकरीचे रोजचे स्वरूप आहे. पात्रतेचा नियम क्षणभर बाजूला ठेवला तरी हा व्यवसाय तुमच्या प्रकृतीला मानवणारा नाही, हे मला स्पष्ट लिहिले पाहिजे.

तेव्हा वैमानिकाच्या परवान्याची आशा धरून पुढची दहा वर्षे काढू नका, असा माझा सल्ला आहे. हे वाचून तुम्हाला दुःख होईल याची मला जाणीव आहे. विमानक्षेत्रातल्या इतर वाटांविषयी शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात लिहिले आहे. तुमचे औषध व्हॅलप्रोएट असेल, तर लग्न किंवा मातृत्वाचा विचार सुरू होण्याच्या बऱ्याच आधी ते बदलण्याविषयी तज्ज्ञांशी बोला, कारण गर्भावर त्याचे गंभीर परिणाम होऊ शकतात.

प्रश्न : मी एका विमान कंपनीत सहवैमानिक आहे. वय एकतीस. दोन महिन्यांपूर्वी उपाशीपोटी रक्त तपासायला गेलो असता सुई टोचल्यावर उभ्या उभ्या कोसळलो. शेजारच्यांनी सांगितले, की हातपाय झटकले गेले. रुग्णालयाने डिस्चार्ज कार्डावर ‘सीझर डिसऑर्डर’, म्हणजे झटक्यांचा आजार, असे लिहिले आणि लेव्हेटिरासिटाम हे अपस्मारावरचे औषध सुरू केले. माझे उड्डाण थांबले आहे. माझी कारकीर्द संपली का? — एक वैमानिक, मुंबई

उत्तर : उड्डाण थांबवले हे योग्यच झाले, तब्येत बिघडल्याची जाणीव असताना परवान्याचा वापर करू नये, असा आंतरराष्ट्रीय मानकांचा स्पष्ट दंडक आहे. पण कारकीर्द संपली असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण तुम्हाला नेमके काय झाले हेच अजून कोणी नीट ठरवलेले दिसत नाही.

रक्त पाहून किंवा सुई टोचल्यावर भोवळ येते तेव्हा मेंदूचा रक्तपुरवठा काही सेकंद घटतो, आणि त्या काळात हातपाय झटकले जाणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम भोवळ आणून त्यांचे चित्रीकरण केले गेले, तेव्हा पूर्ण शुद्ध हरपलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के लोकांत असे झटके दिसले. पाहणाऱ्याला ती फिटच वाटते, आणि रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांनाही वाटू शकते.

फरक बारकाव्यांत असतो. कोसळण्याआधी मळमळ, घाम, कानात गुंई, डोळ्यांपुढे अंधारी आली होती का? चेहरा पांढराफटक पडला होता की निळसर? झटके पाच-दहा सेकंद होते की मिनिटभराहून अधिक? आणि सर्वांत महत्त्वाचे, जाग आल्यावर लगेच ‘मी कुठे आहे’ हे कळले, की पंधरा-वीस मिनिटे भ्रमात गेली? जिभेची कड चावली गेली असेल आणि दुसऱ्या दिवशी अंग ठणकत असेल तर पारडे अपस्माराकडे झुकते. यातले बहुतेक तुम्हाला स्वतःला ठाऊक असणारच नाही, म्हणून रक्त घेणाऱ्या तंत्रज्ञाला आणि रांगेतल्या माणसाला शोधून त्यांचे लेखी निवेदन घ्या. प्रयोगशाळेत कॅमेरा असेल तर त्याचे चित्रीकरण पुसले जाण्याआधी मागून घ्या. दोन महिने उलटले आहेत, तरीही विचारून पाहा. त्या एका मिनिटाचे चित्रीकरण मिळाले तर डझनभर तपासण्यांपेक्षा ते अधिक मोलाचे ठरेल.

त्यानंतर अपस्मारात विशेष अनुभव असलेल्या तज्ज्ञांकडे आणि हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. ईसीजी, आडवे आणि उभे असतानाचा रक्तदाब, गरज पडल्यास टिल्ट टेबलवरची तपासणी, ईईजी आणि एमआरआय, या सर्वांतून भोवळीचे निदान पक्के झाले, तर जुन्या कार्डावरच्या दोन शब्दांचे लेखी खंडन त्या तज्ज्ञांकडून घ्या. औषध त्यांच्या सांगण्याशिवाय थांबवू नका, पण ते विनाकारण चालू राहिले तर ‘उपचार चालू’ अशी नोंद दर महिन्याला लांबत जाते, हेही त्यांच्या कानावर घाला. सुईच्या भीतीने आलेली एकच भोवळ हे समाधानकारक वैद्यकीय कारण आहे, आणि मूळ नियमात तेच शब्द आहेत. कारण सापडलेच नाही, तर मात्र अपस्मार सिद्ध न होताही तोच नियम आड येतो. कागद पूर्ण नसताना घाईने वैद्यकीय मंडळापुढे जाऊ नका. तात्पुरते अपात्र राहून दोन महिने अधिक काढणे हे अर्धवट कागदांवर कायमचे अपात्र ठरण्यापेक्षा कितीतरी बरे. तुमच्याकडे परवाना गमावण्याचा विमा असेल, तर विमा कंपनीला कळवण्याची मुदत आजच पाहून घ्या.

प्रश्न : चौदाव्या वर्षी मुलीला एक झटका आला. मेंदूत जंताची गाठ असल्याचे एमआरआयमध्ये दिसले. औषधे दीड वर्ष घेतली, नंतर बंद केली. आता ती एकोणीस वर्षांची आहे. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, तरी हे कसे झाले, आणि तिला वैमानिक होता येईल का? — एक आई, सोलापूर

उत्तर : शाकाहाराने यापासून पूर्ण संरक्षण मिळत नाही. डुकराच्या मांसातून होतो तो आतड्यातला पट्टकृमी. मेंदूतली गाठ होते ती त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि ही अंडी दूषित पाण्यातून, न धुतलेल्या कोथिंबिरीतून, कोशिंबिरीतून कोणाच्याही पोटात जाऊ शकतात. आपल्या देशात मुलांना येणाऱ्या झटक्यांचे हे एक मोठे कारण आहे, आणि परदेशी नियमावल्या लिहिणाऱ्यांसमोर असे रुग्ण क्वचितच असतात.

तुमच्या मुलीचे भवितव्य आज त्या जागी काय उरले आहे यावर बरेचसे ठरेल. एकच गाठ असेल तर ती पुष्कळदा काही महिन्यांत पूर्ण विरून जाते. काहींच्या मेंदूत मात्र तिचा चुनखडीसारखा कण मागे राहतो, आणि असा कण असलेल्यांना पुन्हा झटके येण्याचा धोका अधिक असतो. हा कण एमआरआयपेक्षा सीटी स्कॅनमध्ये अधिक स्पष्ट दिसतो, म्हणून आताची तपासणी करताना तज्ज्ञांना हे जरूर विचारा. जागा पूर्ण स्वच्छ असेल, ईईजी निर्दोष असेल आणि आलेला झटका त्या वेळच्या सुजेमुळेच आला होता असे तज्ज्ञ लिहून देत असतील, तर तिची बाजू मांडण्याजोगी आहे. तरीही औषधाविना जेमतेम तीन-चार वर्षेच झाली आहेत आणि मंडळ अधिक काळ थांबायला सांगण्याची शक्यता मोठी आहे. कण उरला असेल तर मी आशा दाखवणार नाही. दोन्ही परिस्थितींत तिने पदवीचे शिक्षण थांबवू नये.

प्रश्न : मला कधीच झटका आलेला नाही, पण तपासणीत ईईजी ‘अॅबनॉर्मल’ आला. आणि माझ्या सख्ख्या भावाला अपस्मार आहे. — एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : भावाचा आजार हा तुमचा आजार नव्हे, आणि केवळ त्यावरून तुम्हाला अपात्र ठरवू नये; मात्र त्यामुळेच तुमचा ईईजी अधिक बारकाईने पाहिला जाईल.

ईईजीचा अहवाल कोणत्या शब्दांत आहे ते पाहा. ‘किंचित असामान्य’, ‘मंद लहरी’ असे मोघम शेरे पुष्कळदा झोपेमुळे किंवा वाचणाऱ्याच्या सवयीमुळे पडतात, आणि अनुभवी तज्ज्ञ तोच आलेख सामान्य ठरवू शकतात. अपस्मारात दिसतात तशा ठळक लहरी असतील तर प्रश्न गंभीर आहे. ब्रिटनच्या हवाई दलात भरतीला आलेल्या १३,६५८ निरोगी तरुणांच्या ईईजीचा एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे अर्धा टक्का तरुणांत अशा लहरी सापडल्या, आणि त्यांच्यापैकी फारच थोड्यांना पुढे अपस्मार झाला. तरीही वैमानिकाच्या बाबतीत यंत्रणा सावधगिरीकडेच झुकतात, आणि लुकलुकत्या प्रकाशाने या लहरी उमटत असतील तर ते मला योग्यही वाटते. समोर सूर्य असताना विमानाच्या संथ फिरणाऱ्या पंख्याच्या पात्यांतून किंवा हेलिकॉप्टरच्या डोक्यावरच्या पात्यांतून डोळ्यांवर पडणारा प्रकाश नेमका असाच लुकलुकतो. आलेख दुसऱ्या तज्ज्ञांकडून वाचून घ्या, आणि गरज पडल्यास अपुऱ्या झोपेनंतरचा ईईजी पुन्हा काढा.

प्रश्न : भारतात अपात्र ठरवले तर अमेरिकेत जाऊन परवाना काढून यावा, असे एका एजंटाने सुचवले आहे. — एक वडील, कोल्हापूर

उत्तर : त्या एजंटाला पैसे देऊ नका. परदेशातला परवाना भारतात वापरायचा तर तो इथे रूपांतरित करावा लागतो, आणि त्यासाठी डीजीसीएचे वर्ग १ प्रमाणपत्र लागतेच. शिवाय अमेरिकेतही अर्जात झटक्यांविषयीचा प्रश्न असतो आणि खोट्या उत्तराला तिथे फौजदारी कायदा लागू होतो. इथल्या निर्णयावर खरोखरच आक्षेप असेल तर फेरतपासणीची मागणी करण्याची रीतसर वाट आहे. तिथे नव्या तज्ज्ञांचे मत आणि नवे कागद घेऊन जा. जुनेच कागद पुन्हा दाखवून निर्णय बदलत नाही.

प्रश्न : अपस्मार असलेल्या मुलांना विमानक्षेत्रात दुसरे काय करता येईल? — पुण्याच्या वाचकासह आणखी काहीजण

उत्तर : आधी जे करता येणार नाही ते सांगतो. हवाई वाहतूक नियंत्रक हा पर्याय पुष्कळजण सुचवतात, पण त्यालाही वर्ग ३ चे प्रमाणपत्र लागते आणि अपस्माराचा नियम तिथेही लागू आहे. केबिन क्रूसाठीही वैद्यकीय तपासणी असते.

विमान देखभाल अभियंत्याच्या परवान्याला वैमानिकासारखे वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागत नाही. तरी हँगरमध्ये उंच मचाणावर चढून किंवा चालू इंजिनाजवळ काम करावे लागते, त्यामुळे झटके औषधाने पूर्ण ताब्यात असलेल्यांनीच आणि नोकरी देणाऱ्याला स्पष्ट सांगूनच त्याचा विचार करावा. इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या कार्यशाळेतले काम त्यातल्या त्यात सुरक्षित. विमानांची रचना, उड्डाणांची माहिती तपासून धोके शोधण्याचे काम, हवामानशास्त्र, विमानतळाचे व्यवस्थापन, वैमानिकांना वर्गात हवामान आणि मार्गनिर्धारण शिकवणे, या सर्व वाटा खुल्या आहेत आणि त्यांत माणसे कमी पडतात. ड्रोन उडवण्याच्या प्रमाणपत्रासाठी २०२१ च्या नियमांत वय, दहावी उत्तीर्ण असणे आणि प्रशिक्षण या अटी आहेत. पण गर्दीवर ड्रोन उडवणाऱ्याची शुद्ध हरपली तर खाली माणसे असतात, म्हणून तिथेही स्वतःच्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पुण्याच्या वाचकाला एवढेच सुचवतो, की विमानाचे वेड असलेल्या आणि गणित चांगले असलेल्या व्यक्तीने उड्डाणांच्या माहितीचे विश्लेषण हे क्षेत्र अवश्य पाहावे. विमानातल्या नोंदयंत्राने टिपलेले वेग, उंची आणि अवतरणाचे कोन तपासून कोणत्या धावपट्टीवर वैमानिक वारंवार अडचणीत येतात हे तिथे शोधले जाते. प्रवेशाची माहिती हवी असल्यास आपले शिक्षण कळवावे. पुढच्या अंकाआधी पत्राने उत्तर देईन.